बाई मतं मोजत नसत

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी प्रकाशचा फोन आला. अक्कलकोट रोडच्या कारखान्यात मी टॉवेलच्या गठ्ठ्यांची नोंद करत होतो. "काका, आत्या गेली," एवढंच तो म्हणाला. दोघांनीही बराच वेळ फोन ठेवला नाही. त्याची आत्या म्हणजे आमच्या करुणाबाई, शहात्तर वर्षांच्या होत्या. शेवटी जवळ तिघं होते : प्रकाश, त्याची बायको आणि शेजारच्या अनसूयाक्का. बाईंनी अर्धा कप चहा घेतला, "जरा पडते" म्हणाल्या, आणि गेल्या. याला आता सात आठवडे झाले.

बाई महापालिकेच्या शाळेत गणित शिकवायच्या. भवानी पेठेतल्या त्यांच्या घराची पुढची खोली रविवारी सकाळी आमच्यासाठी उघडी असे. आम्ही म्हणजे क्वेकर या छोट्या ख्रिस्ती पंथाचे लोक, सोलापुरात एकूण नऊ जण. आमच्यात पाळक नाही, प्रवचन नाही. तासभर गोलात शांत बसायचं. कुणाला आतून काही सांगावंसं वाटलं तर उठून सांगायचं, नाहीतर तसंच घरी जायचं. मी जन्माने यातला नाही. एका रविवारी बायकोने बाईंना पुरणपोळ्या देऊन यायला सांगितलं, दार उघडं दिसलं, म्हणून आत जाऊन बसलो. त्या तासात मी चौदा वेळा घड्याळ पाहिलं. निघताना बाई म्हणाल्या, "मोहनराव, पुढच्या वेळी घड्याळ घरी ठेवून या. पोळ्या मात्र आणा." अठरा वर्षं मी जात राहिलो. घड्याळ अजून हातातच असतं.

आमची आणखी एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. आम्ही कुठल्याही निर्णयासाठी हात वर करून मतं घेत नाही. सगळ्यांना पटेपर्यंत बसून राहतो. एकाला जरी मनापासून नको वाटलं, तरी विषय थांबतो. काय ठरलं ते लेखनिकाने तिथल्या तिथे लिहून मोठ्याने वाचायचं, मगच उठायचं. लेखनिक अर्थात बाई होत्या.

मागच्याच्या मागच्या महापालिका निवडणुकीत आमच्यापैकी काहींचं म्हणणं होतं की आपण या भानगडीत पडू नये. बाई म्हणाल्या, "नळाला पाणी चार दिवसांनी येतं, ते नगरसेवकाला विचारायचं. पाणी तर आपण पितो... मग राजकारण आपलं नाही, असं कसं?" दोन रविवार बसल्यावर ठरलं, की प्रभागातल्या सगळ्या उमेदवारांना बोलवायचं, पक्ष न बघता. सगळ्यांना तेच पत्र, तोच चहा, तीच खुर्ची. आश्वासन मागायचं नाही आणि द्यायचंही नाही. आपण काय सोसतो तेवढं सांगायचं आणि त्यांचं ऐकायचं. पत्रं मी लिहिली. तारीख, वेळ, पत्ता, चप्पल कुठे काढायची, सगळं नीट घातलं. सुरुवातीला पंधरा मिनिटं शांत बसतात, हे तेवढं लिहायचं राहिलं. आम्हाला त्याची इतकी सवय, की ते सांगायची गोष्ट आहे हेच सुचलं नाही.

पहिला उमेदवार चार कार्यकर्त्यांसह आला. खोलीत नऊ माणसं मान खाली घालून बसलेली. तोही मुकाट्याने टेकला. त्याचा एक कार्यकर्ता माझ्या कानाशी लागला, "कोण गेलं हो?"

"कुणी नाही. आम्ही असंच बसतो."

"असंच? अजून लई वेळ?"

"अकरा मिनिटं झाली. चार राहिली."

तेवढ्यात उमेदवार उठला, हात जोडले आणि म्हणाला, "या कुटुंबाच्या दुःखात आमचा पक्ष सहभागी आहे." सगळ्यांत आधी बाईच हसल्या. "बसा हो, सगळे जिवंत आहोत," म्हणाल्या. मग त्यालाही हसू आलं, आणि त्यानंतर तो जे ऐकत बसला ते पाऊण तास. आमच्यातल्या अनसूयाक्का कारखान्यात टॉवेलच्या घड्या घालतात. त्यांनी सांगितलं, पाणी कधी येणार ते कळत नाही, ते कामाच्या वेळात आलं की खाडा होतो. त्या निवडणुकीत तो निवडून आला. पाणी वाढलं नाही, पण कोणत्या दिवशी किती वाजता येणार ते आदल्या दिवशी कळायला लागलं. अक्कांचे खाडे थांबले.

मागच्या निवडणुकीत प्रकाश उभा राहिला. प्रकाश बाईंच्या धाकट्या भावाचा मुलगा. आईवडील लवकर गेले, तेव्हा सात वर्षांचा होता, बाईंनीच वाढवला. त्याला आमच्या खोलीचा लेखी पाठिंबा हवा होता. आमची मतं नऊच, पण पेठेतली निम्मी घरं बाईंच्या हाताखाली पाढे शिकलेली. त्या पत्राची किंमत त्याला आणि आम्हालाही ठाऊक होती. तो बाहेर पायरीवर बसला. आत आम्ही सात जण लगेच हो म्हणालो. अनसूयाक्का मात्र उठल्या.

"मला न्हाय पटत. प्रकाश चांगलाच हाय की, माझ्या डोळ्यासमोर वाढलाय. पर उद्या त्यानं पाण्याचं बघितलं न्हाय, तर कुठल्या तोंडानं विचारू? आन् दुसरा कुणी आला निवडून, तर त्यो म्हणंल, जा तुमच्या प्रकाशकडं."

मला हिशेब सरळ वाटला. मी म्हणालो, "बाई, सात हो, एक नाही."

"आपण मोजत नाही, मोहनराव," बाई म्हणाल्या, आणि वही ओढून लिहायला लागल्या. मग दार उघडून, प्रकाशलाही ऐकू जाईल असं, नेहमीसारखं सावकाश वाचलं : "एकमत झालं नाही. ही खोली कुणालाही पाठिंबा देत नाही. सगळ्या उमेदवारांना बोलवावं." प्रकाशने चप्पल घातली आणि गेला.

तो थोडक्यात पडला. किती मतांनी, ते मला पाठ आहे. पण बाईंसमोर तो आकडा मी कधी उच्चारला नाही, म्हणून इथेही लिहीत नाही. अकरा महिने तो पेठेत फिरकला नाही. बाई त्याच्याबद्दल काही बोलत नसत. दर रविवारी त्याच्या आवडीची शेंगाचटणी तेवढी कुटून ठेवत आणि सोमवारी आम्हाला वाटून टाकत.

बाराव्या महिन्यात एका रविवारी तो आला आणि दाराजवळ बसला. तास संपल्यावर म्हणाला, "आत्या, नऊ मतांचं मला काही नव्हतं. तू तरी माझ्या बाजूने असशील, असं वाटलं होतं."

"माझं मत तुलाच दिलं होतं."

तो बघतच राहिला. "मग सांगायचं नाहीस?"

"तू विचारलंस कुठे? तू पत्र मागितलंस. मत माझं होतं, ते दिलं. खोली माझी एकटीची नव्हती... ती कशी देऊ?"

प्रकाश उठला. मग आत जाऊन ताट घेऊन आला. त्यानंतर बाईंच्या शेवटच्या रविवारपर्यंत त्याने क्वचितच एखादी बैठक चुकवली. बाई सुखात गेल्या, असं मी म्हणतो ते एवढ्यासाठी.

गेल्या रविवारी नवा लेखनिक नेमायचा होता. आधीच्यांतले आठ उरलो आहोत, प्रकाश धरून पुन्हा नऊ. बहुतेकांनी माझं नाव घेतलं. अक्षर बरं, नोंदी चोख. मी मनातून तयारही होतो. शांततेत प्रकाश उठला. "काका, राग मानू नका. मला अजून पटत नाही. तुम्ही मोजता."

कुणी हसलं नाही. अनसूयाक्कांनी वही माझ्याकडे सरकवली, कारण तेवढ्यापुरतं तरी कुणीतरी लिहायला हवं होतं. बाईंच्या खुर्चीत बसून, स्वतःबद्दलच, मी लिहिलं : एकमत झालं नाही. पुन्हा बसावं. खरं सांगतो, वाईट वाटलं नाही. उलट बाई असत्या तर हेच झालं असतं, म्हणून बरंच वाटलं. मी वाचून दाखवलं आणि उठायला लागलो.

"काका," प्रकाश म्हणाला, "सावकाश वाचा. आत्या सावकाश वाचायची."

मी परत बसलो आणि पहिल्या शब्दापासून पुन्हा वाचलं.