लेकीच्या पोटाला बांधलेलं प्लास्टिक

बायको गेली ती हार्टने. अंगाने जड, साखर, गुडघे गेलेले. तिला जाऊन वर्ष झालं नाही तोच लेकीच्या रक्तातही साखर निघाली. लेक आईच्याच अंगाची. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून सालवडला माझ्याकडे राहते, बोईसरला एका कंपनीत पॅकिंगला जाते. दिवसभर स्टुलावर बसून काम. रिपोर्ट ऐकला तेव्हापासून मला एकच धास्ती, हीपण जाणार आणि मी मागे उरणार.

डॉक्टरीणबाईंनी रोज झपझप चालायला सांगितलं. ती चालू लागली. मीही तिच्या मागे फरफटत जायचो. पण मेडिकलवाल्याचा वजनकाटा काही हलेना. मग पॅकिंगच्या बायकांनी डोकं लढवलं. कंपनीत येणाऱ्या पावडरच्या गोणीत आतून जाड प्लास्टिकची पिशवी असते. आमच्याकडे ती घरोघरी. पावसात छपरावर टाकतात, लाकडं झाकतात. बायका म्हणाल्या, ती पोटाला गुंडाळ, वरून चिकटपट्टी मार. घामाबरोबर चरबी गळेल. मला यातलं काही ठाऊक नव्हतं.

एका सकाळी ऊन चढलं होतं. ती रस्त्याच्या कडेला थांबली.

"बाय, काय झालं?"

"काय नाय. तुमी चला."

एवढं बोलली आणि खाली बसली ती आडवीच झाली. अंग नुसतं तापलेलं. हाक मारली, उत्तर नाही. रात्रपाळीवरून सुटलेला एक कामगार मोटारसायकल टाकून धावला. "चाचा, छाँव में लो इसको." दोघांनी तिला ओढत झाडाखाली नेलं. तिच्या पोटाला हात लावला तर कर्रकर्र वाजलं. चिकटपट्टी माझ्या नखांनी निघेना. त्याने किल्ली दिली, "इससे फाड़ो." मी फाडलं. आतून गरम घाम ओघळला. त्याने बाटलीतलं पाणी तिच्या मानेवर ओतलं. मी हाका मारत होतो. तिच्या आईलाही मी अशाच हाका मारल्या होत्या.

मग तिचे ओठ हलले. "बाबा, लोकं बघतात."

"बघू दे. मेलीस तरी बघतीलच!"

रिक्षाने दवाखान्यात नेलं. सलाईन लावली. डॉक्टरीणबाई चिडल्या. "घाम म्हणजे पाणी. त्यातून चरबी बाहेर पडत नाही."

मी म्हटलं, "मग चालायचं कशाला? काटा तर जागचा हलत नाय."

त्या स्टूल ओढून बसल्या. "काका, चरबी म्हणजे डब्यात भरून ठेवलेलं तूप नव्हे. ती रक्तात हार्मोन सोडते. एक लेप्टिन. पोट भरलं, हे तो मेंदूला सांगतो. चरबी फार झाली की तो इतका वाढतो की मेंदू त्याचं ऐकेनासा होतो. दुसरा अ‍ॅडिपोनेक्टिन. साखर ताब्यात ठेवायला तो मदत करतो, आणि जाड माणसात तोच कमी पडतो."

"आणि चालल्याने?"

"महिनोन्‌महिने नेमाने चाललं की बऱ्याच जणांचा लेप्टिन उतरतो. दुसरा थोडा वाढू शकतो. सगळ्यांचं सारखं होत नाही. वजन उतरलं तर फरक जास्त दिसतो. पण काटा हलला नाही म्हणजे आत काहीच झालं नाही, असं नसतं. दम लागेल, पण बोलता येईल, एवढ्या वेगाने चालायचं."

मला निम्मं कळलं. लेकीने भिंतीकडे तोंड केलं. "मी नाय चालणार. आई पण चालायची. गेली ना?"

"आई कुठं चालायची? दुकानापर्यंत जायची आणि ओट्यावर गप्पा मारत बसायची. मेलेल्या बाईच्या नावावर खोटं नको बोलूस."

तिने असं बघितलं की वाटलं, सलाईनची सुई उपटून मला मारील.

नंतर बरेच दिवस ती चालायला गेली नाही. जेवण वाढायची, ताट आपटून. मी रोज सकाळी चपला घालून दारात उभा राहायचो आणि परत आत यायचो.

एक दिवस ती उठली, ओढणी कमरेला खोचली आणि माझ्या अंगावरून बाहेर पडली. मी मागे. वळणावर तिने मागे न बघता विचारलं, "आई खरंच चालायची नाय?"

"नाय. मी किती सांगितलं. ऐकली नाय."

तिने पाय झपझप उचलले. मला दम लागला, तरी मी थांब म्हटलं नाही.