संत्र्याच्या बुंध्यावरची माणसं

आमच्या शेजारच्या भाऊंच्या धाकट्या लेकीइतका गोंधळ अख्ख्या वरूड तालुक्यात कोणी घातला नसेल, आणि तोही फारसं तोंड न उघडता. चहा घेतेस का विचारलं, तर ती कपाकडे टक लावून बसायची. "काकू, सायीखाली जांभळं आहे पाहा," म्हणायची. चहा थंड व्हायचा आणि दूध नासलं की काय म्हणून मी पातेलं हुंगत बसायचे. मेथी आणायला पाठवलं, तर मेथीवालीची नथ पाहून परत यायची, जुडी तिथेच. ती नथ मात्र तासभर कागदावर काढत बसायची.

अशा पोरीनं बारावीनंतर अमरावतीला चित्रकला शिकायचं काढलं. भाऊंचा विरोध नव्हता, त्यांना ते कळतच नव्हतं. "पोरीले चित्र काढता येते, मंग शिकाले कायले जाते? पोहता येते त्याले कोणी पोहणं शिकवते काय?" असं ते मला विचारत. तिला विचारावं तर ती भाऊंच्या तोंडाकडेच बघत बसायची. प्रवेशाची मुदत संपत आली, तरी भाऊ धड हो म्हणेनात की नाही म्हणेनात.

त्यातच भाऊंच्या बगीच्यातल्या संत्र्याच्या बुंध्यांना बोर्डो पेस्ट लावायचं काम तिच्याकडे आलं. झाडाला रोग लागू नये म्हणून चुना आणि मोरचुदाचा हा निळसर लेप कमरेइतक्या उंचीपर्यंत फासायचा, संपलं. हिनं मध्ये मध्ये साल उघडी ठेवून त्या सालीचे डोळे-नाक केले आणि सगळं गाव बुंध्याबुंध्यावर उभं केलं. संत्री विकत घ्यायला आलेला व्यापारी फाटकातूनच परतला. दुसऱ्या कोणी झाडं निवडून खुणा केल्या, सौदा झाला, असं त्याला वाटलं.

भाऊ ती तोंडं बुजवायला लेपाचा ब्रश घेऊन तावातावानं बगीच्यात शिरले, त्यांच्यामागे ती, आणि मध्ये पडायला मी. पहिल्याच झाडावर सरपंच डुलक्या घेत होते. भाऊंना हसू आलं. वाकड्या झाडावर मी होते. ते मला मुळीच आवडलं नाही, पण ती मीच होते यात शंका नव्हती. भाऊ एकेक बुंधा पाहत गेले, हातातला ब्रश वाळून गेला. शेवटच्या ओळीशी ते थांबले.

"ह्या सगळ्याईत मी कुठी आहो?"

"तुमी नाई, बाबा."

"काहून?"

"कितीकदा काढलं, पुसलं. तुमचं तोंड मले जमूनच नाई राहिलं."

भाऊंनी वाळलेला ब्रश तिच्या हातात दिला. मग म्हणाले, "मंग जाय. शिकून ये."

आता ती अमरावतीला असते. सुट्टीत आली की भाऊ दाढी करून, धुतलेला सदरा घालून ओसरीत बसतात. ती समोर बसून काढते आणि फाडते. "जमलं?" ते विचारतात. "अजून नाई, बाबा." यावर त्यांना बरं वाटतं की वाईट, ते मला कळत नव्हतं.

परवा तिची एसटी सुटल्यावर ते माझ्याकडे येऊन बसले. चहाला नको म्हणाले. मला तर पोरीवाचून गल्ली ओकीबोकी वाटत होती.

"वहिनी," ते म्हणाले, "एकदा माह्यं तोंड जमलं, का मंग पोरगी कायले येईन इकडं?"