बुडालेला मुलगा

तारकर्लीच्या लॉजवर मी काळ्याकुट्ट चित्रांची एक कादंबरी वाचत होतो. तिच्यावरचा सिनेमा आधी पाहिला होता. त्यात समुद्रात बुडालेला मुलगा शेवटी घरी परततो. पुस्तकात नुसती त्याची रिकामी होडी येते. चहा घेऊन आलेल्या म्हाताऱ्याला हे सांगून मी म्हणालो, “पुस्तकाने फसवलं.”

ओले हात लुंगीला पुसून त्याने अंगठ्याने पानं उलटली आणि होडीवर बोट ठेवलं.

“ह्या खरा आसा. माझो झील, माझो पोरगो, दर्यात गेलो, तो गावलो नाय. शेवटी आमी दर्भाचो पुतळो करून जाळलो. आता सिनेमातल्यासारखो तो दारात इलो, तर काय सांगू त्याका? तुका जाळलो म्हणान?”

मग “च्या निवली, दुसरी आणतंय” म्हणत त्याने कप उचलला.

मुलगा परततो तेव्हा थिएटरात मी टाळ्या वाजवल्या होत्या.