बारा दिवस दुखलेली दाढ

रविवारी सकाळी सव्वानऊ वाजता भावजयीचा फोन आला. धाकटा भाऊ सैन्यात आहे, तेव्हा त्याची नेमणूक आसामात होती. आष्ट्याजवळच्या घरी ती आणि आई दोघीच असतात; आईला ती आत्ती म्हणते. मी सांगलीत वर्तमानपत्रात नोकरी करते.

"वन्सं, आत्तींचं तोंड उघडंना झालंय," ती म्हणाली. "सूज गळ्याकडं उतरलीया. थुंकीबी गिळवंना. हितलं दातांचं दवाखानं बंद हायत आज."

या तीन गोष्टी एकत्र आल्या की दुखणं दातापुरतं राहत नाही, श्वासावर येतं. एकदा या विषयावर बातमी केली होती, म्हणून मला ते माहीत होतं. ओळखीतून फोन करून जबड्याची शस्त्रक्रिया करणाऱ्या सांगलीतल्या एका डॉक्टरांना मी घरून दवाखान्यात यायला तयार केलं. शेजाऱ्यांच्या गाडीतून दोघी पाऊण तासात पोचल्या. तोवर मी दवाखान्याच्या पायरीवर उभी होते. काळजी होती, आणि हे सगळं मी जमवलं याचं समाधानही होतं.

आई भावजयीच्या खांद्यावर हात टाकून उतरली. मी दुसरा हात धरायला गेले, पण त्या हातानं तिनं मिठाची गरम पुरचुंडी गालाला लावून धरली होती. डॉक्टरांनी आधी ती काढायला लावली. बाहेरून शेकल्यानं सूज वाढते, असं ते म्हणाले.

"कधीपासून दुखतंय?"

"काल रात्रीपासून," मी सांगितलं. शनिवारी संध्याकाळी आई माझ्याशी फोनवर बोलली होती. दाढेचा विषयही निघाला नव्हता.

"बारा दिस झालं," भावजय म्हणाली. "खालची, उजवीकडची शेवटची. आधी लवंगंचं तेल लावलं. मग दुधात भाकरी कुस्करून देत हुते. कालपासनं निस्ती पेज."

"साखर?"

"आहे," मी म्हणाले. हे मला माहीत होतं.

"तंबाखू, मिसरी?"

"सोडली. सहा वर्षं झाली."

सहा वर्षांपूर्वी आईच्या गालात आतून पांढरा चट्टा दिसला होता. घरात मिसरी असेल तर मी येणार नाही, असं मी तेव्हा सांगितलं. आईनं माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती.

भावजय माझ्याकडे न बघता डॉक्टरांना म्हणाली, "सोडल्याली न्हाई. दोन टाइम लावत्यात. दुखाय लागल्यापासनं तर दाढंतच दाबून ठेवायच्या. मीच भाजून देती."

आईनं डोळे मिटून घेतले.

आई खोटं बोलली याचा मला त्रास झाला नाही. खोटं मला सांगितलं आणि खरं तिला, याचा झाला. बारा वर्षांपूर्वी त्या घरात आलेल्या बाईला आईची दाढ कोणती ते ठाऊक होतं. मिसरीची डबी कुठे लपवायची ते ठाऊक होतं. मी गावी गेले की दोन दिवस दोघी मिळून ती डबी माझ्यापासून लपवत असणार. त्या खोलीत, आईला श्वास घ्यायला त्रास होत असताना, मी हा हिशेब करत होते.

आत एकाच नातेवाइकाला येता येईल, असं नर्सनं सांगितलं. मी उठले. आईला बोलता येत नव्हतं. तिनं बोट वर करून भावजय दाखवली.

डॉक्टरांनी जबड्याखाली छेद देऊन पू काढला. दाराबाहेर मला आतून भावजयीचा आवाज ऐकू येत होता. "झालंच आत्ती. आवं झालंच. माझा हात आवळा. लय जोरात आवळा."

आई दोन दिवस दवाखान्यात राहिली. तिसऱ्या दिवशी तोंड उघडल्यावर दाढ काढली. पुढे रोज ड्रेसिंग होतं, म्हणून तिनं सांगलीतच राहावं असं ठरलं. मी लगेच म्हणाले, माझ्याकडे. भावजयीला सांगितलं, "तू जा, घरी म्हशी आहेत." म्हशी होत्या हे खरं होतं. मी ते म्हशींसाठी म्हटलं नव्हतं.

जखम भरेपर्यंत मिसरी पूर्ण बंद, असं कागदावर लिहिलं होतं. माझ्या घरी आईचा हात दिवसातून कितीदा तरी कमरेच्या पिशवीकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. माझ्याकडे तिनं एकदाही मागितली नाही. संध्याकाळी मात्र ती भावजयीशी फोनवर अर्धा तास हळूहळू बोलायची.

सहाव्या दिवशी मी दुकानातून तंबाखू आणली आणि तव्यावर टाकली. द्यायची नाहीच, असं मी स्वतःला सांगत होते. तिनं मला मागावी, एवढंच हवं होतं. पाच मिनिटांत स्वयंपाकघर धुरानं भरलं आणि मला खोकल्याची उबळ आली. आई गालावर हात धरून दारात आली.

"करपली की गं," ती म्हणाली. "ग्यास बारीक करून हलवत ऱ्हायचं असतं."

"तुला हवीय?"

"डाक्टर नको म्हणलाय न्हवं? तीबी कालच म्हणली, आता हितनं फुडं भाजून देणार न्हाई."

तिनं चिमट्यानं तवा उचलून बेसिनमध्ये उपडा केला आणि वर पाणी सोडलं. मग खुर्चीवर बसून मला फोन लावायला सांगितलं. मी नंबर लावून दिला.

"अगं, तुझी वन्सं मिसरी भाजाय बसलीया हितं," आई म्हणाली.

पलीकडचं हसू मला ओट्यापर्यंत ऐकू आलं. हसताना आईची जखम ओढत होती. तरी ती हसत राहिली.