एकेरी हाकेला ओ नाही

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या आमच्या बेलफोर्डमध्ये मिसेस गॅडसनचं पहिलं नाव कितीजणांना ठाऊक असेल, सांगता येत नाही. ज्यांना ठाऊक होतं त्यातले बरेचसे आता मातीखाली आहेत, आणि जे उरलेत त्यांची ते उच्चारायची छाती नाही. चर्चमध्ये त्या सिस्टर गॅडसन, बाहेर मिसेस गॅडसन. सत्तरी गाठली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी दर रविवारी पांढरा पोशाख आणि पांढरे हातमोजे घालून त्या आम्हा काळ्या लोकांच्या न्यू कॅनन चर्चच्या दाराशी उभ्या असतात. लोकांना जागा दाखवायचं काम त्यांचं. प्रार्थना चालू असताना कुणी उशिरा आलंच, तर त्या बोलत नाहीत, नुसता तळहात वर करतात. त्या तळहातापुढे एकदा खुद्द शेरीफ चार मिनिटं ताटकळला होता, आणि बिचारा मतं मागायला आला होता.

शाळेच्या स्वयंपाकघरात त्यांनी एकतीस वर्षं काढली. त्या कामावर लागल्या तेव्हा हेडमास्तर गोऱ्या स्वयंपाकिणींना मिसेस अमुक, मिसेस तमुक म्हणायचे आणि यांना मात्र सरळ पहिल्या नावाने, अगं-तुगं. पहिल्याच सकाळी त्यांनी दारातून तीनदा हाक मारली. मिसेस गॅडसन पावाच्या रोलची कणीक मळत राहिल्या.

"बहिरी आहेस का गं?" हेडमास्तर ओरडले.

"नाही साहेब. कान शाबूत आहेत. तुम्ही अजून मला हाकच मारलेली नाही."

दुसऱ्या दिवसापासून त्यांना घरी बसवलं. पण त्यांच्या हातचे लोणी लावलेले रोल एकदा खाल्लेली पोरं ऐकतात होय? तीन दिवस ताटं जशीच्या तशी परत आली. चौथ्या दिवशी हेडमास्तरांच्या तोंडून "मिसेस गॅडसन" निघालं, जरा घशात अडकत, पण निघालं. छातीवर लावायला पहिल्या नावाचा बिल्ला आला होता, तो त्यांनी तीनदा परत केला. चौथ्यांदा आला तो बरोबर आला.

हे बाळकडू आईचं. आईचं नाव मिसेस ओ. डी. लार्किन्स. बस, एवढंच. त्या काळात मिसरूड न फुटलेला गोरा पोरगासुद्धा आपल्या काळ्या वस्तीतल्या पन्नाशीच्या बाईला पहिल्या नावाने पुकारायचा, नाहीतर "ए मावशे" म्हणायचा. नाव हाती लागलं की माणूस एकेरीवर यायला वेळ लागत नाही. म्हणून या बाईने नावच कुणाच्या हाती लागू दिलं नाही. दुकानात ओ. डी., दवाखान्यात ओ. डी., टपालावर ओ. डी.

"ओ म्हणजे काय?" कुणी विचारायचं.

"ओ म्हणजे ओ."

"आणि डी?"

"तो ओच्या नंतर येतो."

पंचाईत झाली ती मतदार म्हणून नाव नोंदवायला गेल्यावर. साल त्रेसष्ट. कचेरीतल्या अर्जाची पहिली ओळच होती: पूर्ण नाव. आईने लिहिलं, मिसेस ओ. डी. लार्किन्स. नोंदणी कारकुनाने अर्ज टोपलीत टाकला. पूर्ण नाव लिहिलं असतं तरी त्याने दुसरी खोट काढलीच असती, हे सगळा गाव जाणून होता. पण त्याला ते नाव हवंही होतं. काउंटरवर वाकून, दात दाखवत तो म्हणायचा, "नाव सांग गं, लाजतेस काय?"

आई अकरा वेळा गेली. तिसऱ्या खेपेनंतर बापाची, क्लीओफस लार्किन्सची, लाकूड गिरणीतली नोकरी गेली. सहाव्या खेपेच्या सुमाराला मोर्च्यात गेलेला थर्मन, पंधरा वर्षांचा थोरला भाऊ, सोळा दिवस तुरुंगात राहून आला. आठव्या खेपेनंतर कुणीतरी बैठकीच्या खिडकीतून गोळी झाडली. आई दरवेळी घरी यायची, टोपी खुंटीला लावायची, "आज नाही," म्हणायची आणि मक्याचा पाव भट्टीत सरकवायची.

सदुसष्टात, मताधिकाराच्या नव्या कायद्याने, मतदार नोंदवून घ्यायला वॉशिंग्टनहून सरकारी माणूस आला. कचेरीत त्याला जागा कोण देणार, तेव्हा टपाल हापिसाच्या मागच्या खोलीत टेबल मांडून बसला. मिसेस गॅडसन तेव्हा तेरा वर्षांच्या, दाराशी उभ्या. आईचा नंबर आला तसा तो माणूस खुर्चीवरून उठला आणि म्हणाला, "या, मिसेस लार्किन्स, बसा."

आई क्षणभर उभीच राहिली. मग बसली, कागद पुढे ओढला, डाव्या हाताचा आडोसा केला आणि पूर्ण नाव लिहिलं. ज्याने "या, बसा" म्हटलं, त्याला नाव मिळालं. बाराव्या खेपेची गोष्ट ही एवढीच आहे, आणि मिसेस गॅडसन ती सांगताना अजूनही डाव्या हाताचा आडोसा करून दाखवतात.

याच गोष्टीवर आमच्या चर्चमधल्या सिस्टर बर्नेलच्या नातीने, जनेया प्रुइटने, संगीत नाटक लिहिलं. 'बारावी खेप.' पोरगी सत्तावीस वर्षांची, अटलांटाला जाऊन नाटक शिकून आलेली, हुशार, आणि मिसेस गॅडसनचे रोल खाऊनच वाढलेली. बाप, आई, थर्मन, सगळं कुटुंब रंगमंचावर येणार होतं, आणि तेही मॅजेस्टिक थिएटरात. ज्या मॅजेस्टिकमध्ये आपल्याला बाजूच्या लोखंडी जिन्याने वर चढून काळ्यांसाठी ठेवलेल्या माळ्यावर, गोरे ज्याला गिधाडांचा माळा म्हणायचे तिथे, बसावं लागायचं, त्याच मॅजेस्टिकच्या मंचावर लार्किन्स कुटुंब गाणार. मिसेस गॅडसननी आईची पत्रं दिली, फोटो दिले. परवानगीच्या कागदावर सही तेवढी ठेवली मागे.

"आधी बघीन, मग करीन," त्या म्हणाल्या. "दुकानात बूटसुद्धा घालून बघतो माणूस."

तालमी चर्चच्या तळघरात चालायच्या. प्रयोगाला तीन आठवडे उरले तेव्हा मिसेस गॅडसन रोलची परात घेऊन पूर्ण तालीम बघायला गेल्या. पहिला अंक बघताना त्यांनी दोनदा डोळे टिपले. दुसऱ्या अंकात कारकुनाचं काम करणारे हॉलोवे मास्तर, शाळेत इतिहास शिकवणारे, सज्जन गोरे गृहस्थ, त्यांचा आवाज ऐकून मिसेस गॅडसनच्या अंगावर काटा आला. मग शेवटचं गाणं आलं. जनेया त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, "हे खास तुमच्यासाठी."

बावीस गळ्यांनी एकदम आईचं पहिलं नाव घेतलं. खरं नाव. मग पुन्हा, वरच्या पट्टीत, टाळ्या वाजवत.

मी ते नाव इथे लिहिणार नाही. का, ते पुढे कळेल.

"बंद करा!" मिसेस गॅडसन उठल्या. चर्चमध्येही पियानो वाजवणारा डिमेट्रियस दचकून थांबला. "कुठून आणलंस?"

"सरकारी दप्तरातून," जनेयाचा चेहरा नुसता फुलला होता. "तीन दिवस शोधत होते. टपाल हापिसातली ती नोंदवही सापडली, मिसेस गॅडसन! त्यांचं स्वतःचं अक्षर!"

"तिने हात आडवा धरून लिहिलं होतं. आणि तू खालून डोकावलीस."

"पण लोकांना कळायला नको? आपल्या बायकांची नावं यांनी खोडली. आता आम्ही ती मोठ्याने घेतो. सगळी पिढी तेच म्हणतेय, नावं घ्या, विसरू नका."

"खोडलं?" मिसेस गॅडसनचा आवाज चढला. "माझ्या आईचं नाव खोडायची कुणाच्या बापाची टाप नव्हती. तिने ते झाकून ठेवलं होतं. खोडणं आणि झाकणं यातला फरक शिकवत नाहीत का तुमच्या अटलांटात? अकरा वेळा तो कारकून नाव मागत होता. त्याला मिळालं नाही. आता तू तिकीट लावून वाटतेस?"

त्यांनी परात उचलली, रोलसकट, आणि निघून गेल्या. खरं सांगायचं तर त्या रोलचंच काहीजणांना जास्त वाईट वाटलं.

आठवडाभर गावाला चघळायला दुसरा विषय नव्हता. चर्चच्या दाराशी सिस्टर बर्नेलने एकदा तोंड उघडून बघितलं.

"पोरगी रडतेय गं घरी. तिकिटं संपलीत सगळी. एका नावासाठी एवढं ताणायचं?"

"एका नावासाठीच ताणलं होतं, बर्नेल. तेही चार वर्षं. नाटक कशावर आहे असं वाटलं तुला?"

बर्नेल म्हणाली, "तुझ्याशी बोलण्यापेक्षा खांबाशी बोलावं."

"बोल ना. खांबही तुला जागेवर बसच म्हणेल."

गुरुवारी दुपारी जनेया आली. पुढच्या दाराची घंटा वाजवायची हिंमत झाली नसावी. मागच्या दाराने आली आणि सवयीने चपला पायरीवर काढायला लागली. मिसेस गॅडसन आईबापांच्याच त्या जुन्या घरात राहतात; तेव्हा त्या ओट्याशी होत्या. तिला तशी वाकलेली बघून त्यांचा हात थांबला.

"इथेच," त्या म्हणाल्या.

"काय?"

"ह्याच पायरीवर. बाबा बुटांचा चिखल खरवडायचे आणि आत हाक मारायचे. चारचौघांत ते तिला मिसेस लार्किन्स म्हणायचे, स्वतःच्या बायकोला! गोऱ्यांनी ऐकावं म्हणून. पण इथे, दार लोटलं की मग तिचं नाव घ्यायचे. हळू. आम्हा पोरांना ते नाव कळलं ते ह्या दाराआडून. तिला नावाने हाक मारणारा जगात एकच माणूस होता, जनेया. ते नाव त्याचं होतं. कारकुनाचं नाही, काउंटीचं नाही, माझंसुद्धा नाही."

जनेया एक चप्पल हातात घेऊन पायरीवर बसली. मग नाक पुसत म्हणाली, "आम्हाला वाटलं, आम्ही त्यांना मान देतोय."

"ठाऊक आहे. म्हणून तर परातीने हाणली नाही."

"पण डिमेट्रियस म्हणतो, 'मिसेस लार्किन्स' त्या सुरावटीत बसत नाही. शब्द लांब होतो."

"असं म्हणतो?" मिसेस गॅडसननी ॲप्रन खोचला. "चल."

तळघरात त्या डिमेट्रियससमोर जाऊन उभ्या राहिल्या. "काय रे, गेल्या रविवारी 'आमेन' किती वेळ ओढलंस?"

"असेल... दीड मिनिट, बाई."

"देवाला दीड मिनिट, आणि माझ्या आईला दोन मात्रा जास्त द्यायला तुझा सूर आखूड पडतो? बसत नसेल तर सूर उसव आणि पुन्हा शिव."

डिमेट्रियसने तासाभरात शिवला. टाळ्या गेल्या, चाल संथ झाली, मोर्च्यात चालल्यासारखी एकेक पाऊल टाकत वर चढणारी. आधीच्यापेक्षा कितीतरी सरस झाली, हे त्यानेच कबूल केलं. मग मिसेस गॅडसननी पर्समधून पांढरे हातमोजे काढून घातले आणि बावीस जणांच्या रांगेपुढून चालत गेल्या. प्रत्येकासमोर थांबायचं, तळहात वर करायचा.

"ऐकलेलं विसरलास?"

"हो बाई."

"तू?"

"हो बाई."

शेवटी हॉलोवे मास्तरांपुढे आल्या. मास्तर लाल झाले होते. "मला त्यांना अगं म्हणताना फार अवघड जातं, मिसेस गॅडसन."

"तुम्ही खुशाल म्हणा, मिस्टर हॉलोवे. नीट तोंड भरून म्हणा. तुम्ही ते सौम्य केलंत तर ती लढली कशाशी?"

आणि त्यांनी तिथेच, पियानोवर कागद ठेवून सही केली. मिसेस एच. गॅडसन.

प्रयोग रविवारी दुपारी तीनचा. अख्खं न्यू कॅनन चर्चच्याच कपड्यांत तिथे हजर. मिसेस गॅडसन पुढच्या मोठ्या दारातून, मधल्या वाटेने, तिसऱ्या रांगेत जाऊन बसल्या. वर गिधाडांच्या माळ्यावरही माणसं होती, गोरी-काळी सगळी, तिकीट उशिरा मिळालेली.

कचेरीचा प्रसंग आला. "पूर्ण नाव!" हॉलोवे मास्तर कडाडले. "ओ म्हणजे काय गं? लाजतेस काय?" आईचं काम करणारी नटी ताठ उभी होती. नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. थिएटर इतकं गप्प झालं की गुडघ्याचा आवाज ऐकू यावा. तेवढ्यात मागून सिस्टर बर्नेल न राहवून ओरडली, "तुला रे काय करायचंय!" आणि चर्चमध्ये उठतो तसा हुंकार सगळीकडून उठला. मास्तरांना पुढचं वाक्य दोनदा म्हणावं लागलं.

शेवटचं गाणं झालं. लोक उभे राहिले, टाळ्या थांबेनात. तेव्हा थिएटरचा मॅनेजर माइक घेऊन मंचावर आला. तिशीतला, हसरा, चकचकीत बुटांचा, सगळ्या जगाशी अरे-तुरेत बोलणारा. हातात कागद होता. जुना कागद, मायलेकींची पूर्ण नावं असलेला, पहिल्या जाहिरातीसाठी जनेयाने पाठवलेला. पोरीच्या डोक्यातून तो पार निसटला होता.

"मित्रहो," तो म्हणाला, "आज आपल्यात एक खास पाहुणी आहे. जिची ही कहाणी, त्या शूर बाईची मुलगी! ती शूर बाई, जिचं नाव आज सगळ्या बेलफोर्डने घेतलं पाहिजे. ओ..."

तिसऱ्या रांगेत मिसेस गॅडसनचा डावा हात आपोआप आडवा झाला. जनेया विंगेतून धावली, पण ती पोचण्याआधीच मंचावरचे बावीसजण गायला लागले. ना पियानो, ना खूण. "मिसेस लार्किन्स." तेच दोन शब्द, त्याच संथ पावलांनी. मॅनेजरचे ओठ हलताना दिसले, आवाज काही पोचला नाही. मग खालचं थिएटर उभं राहून गायला लागलं, मग माळा. हॉलोवे मास्तर कारकुनाच्या कोटातच, सगळ्यात मोठ्याने आणि किंचित बेसूर गात होते.

गाणं विरलं तेव्हा मॅनेजर गोंधळून कागदाकडे बघत होता. पुढची ओळ त्यातल्या त्यात सोपी वाटली असावी. त्याने मिसेस गॅडसनचं पहिलं नाव घेतलं, हसत, हात पुढे करून. "ये ना वर!"

मिसेस गॅडसन बसून राहिल्या. हातमोज्यातले हात मांडीवर. त्याने पुन्हा हाक मारली.

"त्यांना... ऐकू कमी येतं का?" त्याने माइकवरूनच जनेयाला विचारलं.

जनेयाने त्याच्या हातातला कागद काढून घेतला, चार घड्या करून मुठीत धरला आणि त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. त्याने टाय सारखा केला. घसा खाकरला.

"मिसेस गॅडसन," तो म्हणाला, "आपण वर येता का?"

"ओ," मिसेस गॅडसन म्हणाल्या, आणि उठल्या. "आता ऐकू आलं."