दिवस मावळायच्या आत

लोणी गावातल्या कांद्याच्या शेतांवर धुकं बसलेलं असतानाच निर्मला तिथून मंचरला बन्सीलाल शेठच्या घरी पोचली. अंथरुणाला खिळलेल्या कंचनबाईंना तिनं पुसून काढलं, पाठीला तेल चोळलं आणि कुशीवर वळवलं. बन्सीलालला, त्यांच्या पोटच्या लेकाला, आईची कूस कधी बदलता आली नाही. पण आईला सांभाळणाऱ्या बाईला 'सेवारत्न' म्हणून शाल घालायची हौस मात्र दांडगी!

दुपारी तिला सत्काराच्या मांडवात नेऊन बसवलं. घरचे सगळेही तिथंच मिरवत होते. शाल घालणारा पुढारी काही येईना, म्हणून एकेक जण माईक धरून सेवेवर बोलत सुटला. त्यातल्या एकानंही कधी आजाऱ्याचं भांडं उचललं नसेल. ऊन कललं तशी निर्मला उठली.

"अगं, कुठं चाललीस? पावणं येतीलच आता," बन्सीलाल खेकसला.

"शेठ, तुमच्या जैनांचा नेम हाय, दिवस मावळला की बाई पाण्याचा थेंब घेत न्हाईत. आत्ता न्हाई भरवलं तर सकाळपातूर उपाशी ऱ्हातील."

"घडला एखादा उपास. पुण्यच लागंल."

"मग तुमीच घ्या की ते पुण्य. मघाशी प्लेटभर भजी कुणी हाणली?"

फोटोवाला फिसकन हसला. बन्सीलालला लाज कसली वाटते? शाल वाया जाऊ नये म्हणून त्यानं आपल्या सुनेला, रिंकूला, त्या रिकाम्या खुर्चीत बसवलं.

निर्मला पोचली तेव्हा खिडकीत अजून ऊन होतं. कंचनबाईंच्या पाठीशी उशी लावून तिनं मऊ खिचडी कालवली आणि पहिला घास फुंकून त्यांच्या तोंडाशी नेला.