तानाबाईचं तोंड कुणीकडे

कोल्हापुरातल्या ख्रिस्ती वस्तीत कुणी गेलं, की शवपेटी पिराजी सुतारच करायचा. मूळचा नेसरीकडचा, बायको तानाबाईसह बाप्तिस्मा घेऊन शहरात आलेला. शेवटच्या दिवशी प्रभू पूर्वेकडून येणार आणि मेलेले उठणार, म्हणून मेलेल्याचे पाय पूर्वेला ठेवायचे. उठून उभं राहिलं की तोंड थेट त्याच्याकडे. हे पिराजीच्या डोक्यात पक्कं बसलेलं. म्हणून पेटी तो खांद्याशी रुंद आणि पायाशी निमुळती करी. उलटसुलट व्हायला जागाच नको.

एकावन्न साली तानाबाई विषमज्वरानं गेली. त्या दिवशी त्याचे हातच चालेनात. कशीबशी सरळसोट पेटी ठोकली. उशाकडचा एक खिळा वाकडा गेला, तो तसाच राहिला. पुरून आल्यावर तो सुन्न होता. पुढे एका सकाळी भाकरी मोडताना त्याला आठवलं, की माती लोटताना तो वाकडा खिळा दफनभूमीच्या फाटकाच्या बाजूला होता. आणि फाटक तर पूर्वेला. डोकं उगवतीला, पाय मावळतीला.

म्हणजे तानाबाई उठणार ती प्रभूकडे पाठ करून! आधीच बावरट बाई, बाजारातसुद्धा नवऱ्याचा सदरा धरून चालणारी. सगळे एकीकडे निघालेले आणि ही मावळतीला, रंकाळ्याकडे तोंड करून उभी.

थडगं उकरू द्या म्हणून तो पाळक गणपतरावांकडे खेपा घालू लागला. ते म्हणाले, हाक ऐकली की ती आपसूक वळेल. पिराजी मान डोलवी. पण तानाबाईला कमी ऐकू यायचं, हे पाळकांना कुठे ठाऊक? वस्तीत चेष्टा झाली. हसणाऱ्यांचं काय जातंय, त्याचं अन्न तुटलं होतं.

एका रविवारी उपासना सुटल्यावर त्यानं पाळकांना हाताला धरून दफनभूमीत नेलं आणि तानाबाईच्या थडग्यापलीकडे, पश्चिमेला, रिकामी जागा दाखवली.

"माझी जागा हितं. मला नेमानंच पुरा, पाय उगवतीला."

"इथंच का रे, पिराजी?"

"उठल्या उठल्या तिच्या म्होरं मी असंन की. खांद्याला धरून फिरवतो तिला, मग दोघं संगं बघतो प्रभूकडं."

गणपतरावांनी हयातभर पुनरुत्थानावर प्रवचनं दिली होती. आज ते पावलांनी ती जागा मोजू लागले. पिराजीच्या चेहऱ्यावरची काळजी मात्र अजून हटली नव्हती.

"फकस्त माझ्या आदी तिला उठवू नगा म्हणावं," तो म्हणाला, "येवढं प्रभूला सांगा."